कल्लगट्टीच्या पत्राचं उत्तर

कल्लगट्टीहून आलेल्या एका पत्राला मी अडीच वर्षं उत्तर दिलं नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो, कारण यापुढे माझ्या बाजूचं एखादं सबळ कारण यायला हवं होतं. आजारपण, परगावी जाणं, निदान पत्र गहाळ होणं. यातलं काहीच घडलं नव्हतं. पत्र माझ्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली होतं आणि मी रोज दोनदा तरी ते उचलून वाचून परत ठेवत होतो.

पत्र असं होतं: 'श्री. शिवप्रसाद हेब्बाळगे यांस शिवानंद हेब्बाळगे, मुक्काम कल्लगट्टी, तालुका गोकाक, यांचा शरणु शरणार्थी. कोल्हापूरला चपला घेतल्या, त्यात कोंबलेल्या वर्तमानपत्रात आपलं नाव व पत्ता वाचला. हे आडनाव आमच्याशिवाय कुणाचं असेल हे माहीत नव्हतं. आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ गुरुलिंगप्पा सव्वाशे वर्षांमागे कोल्हापूरच्या बाजूला गेले ते परत आले नाहीत. आपण त्यांचेच का? वीरभद्राच्या जत्रेला आमच्या घरी त्यांच्या नावाचं एक पान वाढायची रीत आहे. आई दानम्मा, वय नव्वद, हे पान वाढते. ती म्हणते, माझ्यामागे सुना वाढणार नाहीत. तर खाणारं कोणी आहे का, तेवढं कळवा.'

वर्तमानपत्रातलं ते माझंच पत्र होतं. आयुष्यात संपादकांना एकच पत्र लिहिलं. ग्रंथालयातील शांतता या विषयावर. ते छापून आलं तेव्हा राजारामपुरीत एकाही माणसाने वाचलेलं मला आढळलं नाही. सीमेपलीकडे एकाने वाचलं, तेही चपलेत पाय घालताना. माझ्या लेखनाची पोच केवढी, याचा यापेक्षा नेमका हिशेब मला मिळणार नाही.

आता खरं म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळवायचं होतं. पण माझी चौतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. संदर्भ तपासल्याशिवाय मी कुणाला घड्याळातली वेळसुद्धा सांगत नाही. माझ्या वडिलांचं नाव मला ठाऊक, आजोबांचं ठाऊक. पणजोबांच्या ठिकाणी आमच्या घरात नुसतं 'ते थोरले' एवढंच होतं.

"व्हय म्हणून टाका की," माझी पत्नी दानेश्वरी म्हणाली. "म्हातारी नव्वदची हाय."

"पुराव्याशिवाय?"

"पान वाढाय पुरावा कशाला लागतो?"

तिचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत. संशोधनपद्धतीची तिला कल्पना नाही, असं म्हणून मी विषय मिटवला. आधी छोटीशी चौकशी करायची, पंधरा दिवसांत उत्तर लिहायचं, असं ठरवलं. त्यासाठी पत्राची एक झेरॉक्स काढून ठेवावी म्हणून खाली उतरलो. माझी पहिली चूक ती.

आमच्या इमारतीखाली मोहसीनचं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद काचेवर ठेवता ठेवता तो वाचतो. वाचायचं नाही असं ठरवूनही वाचतो, असं तोच सांगतो. "काका, तुमचं पान अजून मांडत्यात? लई भारी! आमचं सोपं हाय बघा. पणजा मिरजेसनं आला, कशाला आला तर इथं तालमीत कुस्ती बघायला आला. कुस्ती लांबली, ऱ्हायला. संपलं."

"एवढंच?"

"मग काय आणि? कुस्ती कोण जिंकलं ते तेवढं घरात कुणाला ठावं न्हाय."

मला त्याचा हेवा वाटला. पण मोहसीनच्या दुकानात एक गोष्ट गेली की ती राजारामपुरीच्या दहा गल्ल्यांत गेली. संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले धैर्यशीलराव आले. साखर कारखान्यातून शेती अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून उसाच्या फडातलाच. त्यांच्या दिवाणखान्यात त्यांची वंशावळ चौकटीत लावलेली आहे. खालच्या टोकाला ते, वरच्या टोकाला सूर्य.

"शिवप्रसाद, तुमचं घराणं सरदाराचं," ते खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले.

"असं कसं म्हणता येईल?"

"कर्नाटकातनं कोल्हापुरात माणूस कशाला येईल? लढायाला! दुसरं काय काम हुतं त्या टायमाला?"

तेव्हापासून मी एक निरीक्षण करतो आहे. कोल्हापुरात कुणाचेही पूर्वज कोल्हापूरचे नसतात. कुणाचे राजस्थानातून आलेले, कुणाचे कल्याणहून, कुणाचे थेट देवादिकांकडून. आणि सगळे लढायला आलेले. एवढे सरदार एकाच वेळी गावात उतरले तर त्यांची घोडी कोण धूत होतं, भाकऱ्या कोण थापत होतं, आणि लढाई सुरू झाल्यावर माळ्यावर चढून कोण बसत होतं, हे मात्र कळत नाही. त्या लोकांना बहुधा मुलंबाळं झालीच नाहीत.

हे सगळं धैर्यशीलरावांना तोंडावर सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार ना?"

त्यांनी चहा घेतला आणि जुन्या नोंदींच्या कचेरीत जायचा सल्ला दिला. कचेरीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझ्याशी वाईट वर्तन केलं नाही. त्यांना माझं काय करावं ते समजलं नाही, इतकंच. हल्ली जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची तिथे एवढी गर्दी असते, की पायऱ्यांवरच चहाची गाडी उभी राहिली आहे. माझा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"कारणाचा रकाना मोकळा सोडलायसा. दाखला, वारस, कोर्ट का नोकरी?"

"पूर्वज कुठून आले, ते पाहायचं आहे."

"बघून काय करणार?"

"एका पत्राला उत्तर लिहिणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पलीकडच्या टेबलाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ओ, ह्यास्नी पत्र लिव्हायचंय!" सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. मागचा एकजण म्हणाला, "पावणं, पोष्ट पलीकडच्या रस्त्याला हाय." गृहस्थ म्हणाले, "रकाना भरल्याबिगार अर्ज पुढं जात न्हाय. वारस टाकू?" माझ्या मागे वीस माणसं होती. मी मान हलवली. माझी दुसरी चूक.

पाच महिन्यांनी शिक्क्याची नक्कल हातात पडली. माझ्या आजोबांच्या वडिलांची नोंद सापडली होती. धंदा: विणकर. राहणार: कबनूर. मूळ गाव: 'परगाव'. मी ती नोंद भिंगातून पाहिली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाने माझ्या पणजोबांना विचारलं असणार, 'कुठले?' आणि पणजोबांनी बहुधा काहीच उत्तर दिलं नसणार. नावाच्या जागी तर शाईचा एक मोठा डाग होता. त्या डागाखाली गुरुलिंगप्पाही असू शकला असता आणि दुसरा कोणीही.

नक्कल मिळाली त्याच आठवड्यात कबनूरहून माझा पुतण्या बसवेश आला. चुलतभावाचा मुलगा. त्याचे तिथे बारा यंत्रमाग आहेत. एरवी तो लग्नपत्रिका द्यायलाच येतो, आणि तीही खालून मोहसीनकडे ठेवून जातो. या वेळी तो तीन मजले चढून आला, चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"काका, कबनूरच्या जागंवर नाव लावायला निघालायसा म्हणं?"

"मी?"

"वारसाचा अर्ज केलायसा न्हवं! तलाठ्याकडनं कळलं मला. अव्वा, तुमची वहिनी, दोन दिस जेवली न्हाय. तुमी पुस्तकं वाचणारा माणूस, आमी म्हणत हुतो, काकाच्या मनात काय न्हाय."

मी त्याला पत्र दाखवलं, नक्कल दाखवली, आणि तोपर्यंत पंचेचाळीस पानांची झालेली माझी फाइल दाखवली. फाइलचं नाव 'हेब्बाळगे घराणे: उगम, स्थलांतर आणि विस्तार'. विस्तार या प्रकरणात बसवेशचे बारा माग होते. ते वाचून तो जरा नरमला. तरी मी शंभराच्या मुद्रांकावर 'मला जागा नको' असं लिहून दिल्यावरच त्याने चप्पल काढली. न मागितलेली जागा लेखी नाकारण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

मधे दोन जत्रा होऊन गेल्या. कल्लगट्टीला दोन्ही वेळा पान वाढलं गेलं असणार. दुसऱ्या जत्रेदिवशी दानेश्वरी जेवताना माझ्या पानात भाजी वाढून म्हणाली, "तिकडं पण वाढलं असंल." मी प्रस्तावना तिसऱ्यांदा लिहायला घेतली.

दरम्यान धैर्यशीलराव स्वस्थ नव्हते. त्यांची चौकट ज्यांनी करून दिली, त्या 'राजमूळ संशोधन मंडळा'ला त्यांनी परस्पर माझं आडनाव कळवलं. तीन आठवड्यांत चोवीस पानी रंगीत इतिहास घरपोच आला. मुखपृष्ठावर दोन सिंह आणि मधे ढाल. आमच्या पूर्वजाने तीन लढायांत तलवार गाजवली होती आणि एकदा तर घोड्यासह नदी ओलांडली होती. वाचता वाचता माझी छाती, नाही म्हटलं तरी, जराशी वर आली. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. सतराव्या पानावर वाक्य होतं: 'या अतुल पराक्रमामुळे धुमाळवाडकर घराण्याची कीर्ती दाही दिशांना पसरली.' एकाच ठिकाणी आडनाव बदलायचं राहून गेलं होतं.

मी ते धैर्यशीलरावांना हलक्या आवाजात दाखवलं.

"हात्तिच्या! पेनानं खोडा की."

"पण मग हा इतिहास धुमाळवाडकरांचा..."

"त्यास्नी न्हाय आला तर आपल्याला आला असं समजा. मी हॉल सांगितलाय."

"कसला हॉल?"

"कुलगौरव सोहळा! सोसायटीचा हॉल, संक्रांतीनंतरचा रविवार. फलक छापाय टाकलाय. तुमी फक्त फेटा बांधून बसायचं."

माझ्यात जर पराक्रमी पूर्वजाचं रक्त असतं, तर तेव्हाच मी 'नको' म्हटलं असतं. मी विचारलं, "फेटा कुठल्या रंगाचा?"

त्या सोहळ्यातून सुटायला मी बसवेशला फोन केला. तू आणि वहिनी येणार नसाल तर आपण तो रद्द करू, अशी माझी आशा. बसवेश म्हणाला, "येतो की! आणि काका, एवढं पुस्तक लिव्हलंसा, हेळव्याला इचारलं का न्हाई?"

हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारी माणसं. पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायची. सुगी झाली की आपापल्या ठरलेल्या घरांना जायचं, उंबऱ्यावर बसून त्या घराचा वंश म्हणून दाखवायचा, नवीन जन्म-मृत्यू नोंदवून घ्यायचे आणि धान्य, वस्त्र, भांडं घेऊन पुढच्या गावाला लागायचं. आमच्या घराचा हेळवी अजून कबनूरला बसवेशकडे येत होता. आम्ही कोल्हापुरात आल्यावर फ्लॅटचा पत्ता त्याला कुणी दिला नाही, एवढंच. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण तोंडी परंपरा हा दुय्यम पुरावा, असं मी माझ्या पहिल्याच प्रकरणात लिहून बसलो होतो. तळटिपेसकट.

दानेश्वरी म्हणाली, "ज्याच्याकडं उत्तर हाय त्याला सोडून अख्ख्या गावाला इचारलंसा."

धैर्यशीलरावांना ही कल्पना पसंत पडली. व्यासपीठावर हेळवी, मागे दोन सिंहांचा फलक, शेजारी फेट्यात मी. त्यांनी चाळीस लोकांना बोलावलं.

रविवारी सकाळी बसवेश हेळव्याला घेऊन आला. ज्ञानू हेळवी साठीचा असेल. मोटारसायकलवरून आला होता, पण खांद्यावर घोंगडं, हातात पितळी घंटा आणि काखेत लाल फडक्यात बांधलेली वही. हॉलच्या दारातूनच त्याने आत पाहिलं. खुर्च्या, माइक, फलक.

"हितं न्हाई," तो म्हणाला.

"का वो?" धैर्यशीलराव म्हणाले. "माइक हाय की!"

"घराचा वंश घराच्या उंबऱ्यावर सांगायचा आस्तोय. हितं कुणाचं घर हाय?"

धैर्यशीलरावांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ज्ञानू वही काखेत घट्ट धरून उभा. शेवटी चाळीस माणसं आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. आमच्या फ्लॅटला उंबरा नाही, कडाप्प्याची दोन बोटं पट्टी आहे. ज्ञानूने ती निरखली, दानेश्वरीने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा तो टेकला आणि दोन्ही पाय घोंगड्याखाली झाकून घेतले. ती त्यांची रीत. पाव्हणे जिन्याच्या पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत बसले. मोहसीन दुकान बंद करून आला होता. मी फेट्यात दाराशी उभा. फेटा एका कानावर उतरला होता, पण सारखा करायला हात वर केला तर सगळे बघतील म्हणून तसाच ठेवला.

ज्ञानूने घंटा वाजवली आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत, एका सुरात म्हणायला सुरुवात केली. आमची मुळं हेब्बाळगेरीची. तिथली विहीर आटली म्हणून घराणं निघालं. ज्या गावातून माणूस निघतो त्याच गावाचं नाव त्याला चिकटतं, राहतो त्याचं नाही. तिथून दुसऱ्या गावी गेले. तिथे दोन जावांचं चुलीवरून पटेना म्हणून तेही सोडलं. मग वाटेत बैल बसला, उठेना. जिथे बैल बसला तिथे घर बांधलं. ते कल्लगट्टी.

"लढाई कवा येती?" धैर्यशीलरावांनी मोबाइल वर धरून विचारलं. ते सगळं चित्रित करत होते.

"कृपया दरवाजा बंद करा," लिफ्ट म्हणाली. तिच्या दारात कुणीतरी पाय ठेवला होता. पुढचा सगळा वंश लिफ्टच्या साथीने झाला.

"कल्लगट्टीत दोन भाऊ," ज्ञानू म्हणाला. "थोरला मल्लप्पा, धाकटा गुरुलिंगप्पा. मल्लप्पाच्या लेकीचं लगीन ठरलं. ह्या अंगाला बारा घरं पावण्यांची. मल्लप्पानं अक्षता बांधून धाकट्याला धाडलं, जा, बारा घरचं बोलावणं करून ये."

"कृपया दरवाजा बंद करा."

"गुरुलिंगप्पा चालत आला. पहिल्या घरापुढं हुबा ऱ्हायला. आत माणसं जेवत हुती, आता कसं बोलवायचं म्हणून थांबला. जेवणं झाली, माणसं झोपली, आता कसं उठवायचं म्हणून दुसऱ्या घराला गेला. तिथं कोण तरी मोठ्यानं बोलत हुतं. तिसऱ्या घराला कुत्रं. बारा घरं फिरला, एका घरची कडी वाजवली न्हाई. अक्षता तशाच पदरात. तिकडं मांडव पडला, तीनशे पानांचा सैपाक झाला. ह्या अंगाचा एक पावणा गेला न्हाई."

मग सगळ्यात खालच्या पायरीवर मोहसीन खुदकन हसला, आणि ते हसणं पायरी पायरी चढत वर आलं. बसवेशची आई डोळ्याला पदर लावून हसत होती. बसवेश भिंतीला टेकला होता. मी फेट्यासकट कुठे जावं ते शोधत होतो. पण मागे माझंच घर होतं आणि दारात हेळवी.

"तोंड कसं दाखवायचं म्हणून गुरुलिंगप्पा परत गेला न्हाई," ज्ञानू त्याच सुरात म्हणत राहिला. हसण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "कबनूरला एका कोष्ट्याच्या दारात बसून ऱ्हायला. कोष्ट्यानं इचारलं, कशाला आलास? बोलावणं सांगायला आलो म्हणायचं धाडस झालं न्हाई. म्हणाला, काम मिळंल का? त्यानं सुताच्या कांड्या भराय बसवलं. मल्लप्पानं तीन सांगावे धाडले. झालं ते झालं, घरी ये. तिन्हीला उत्तर न्हाई. तवापासनं मल्लप्पाच्या बायकोनं जत्रंला एक पान वाढाय सुरू केलं."

धैर्यशीलरावांचा मोबाइल हळूहळू खाली आला. "ज्ञानोबा, मधी कुठं तरी एखादी लढाई आसंलच बघा. बारीकशी."

"लढाई तुमच्यात आसंल, सरकार. ह्यांच्यात लाज हुती."

मला वाईट वाटायला हवं होतं. चाळीस माणसांपुढे, तिरक्या फेट्यात, माझ्या घराण्याचा सगळा पराक्रम म्हणजे न वाजवलेल्या बारा कड्या असं जाहीर झालं होतं. पण त्या चोवीस रंगीत पानांतल्या घोडेस्वाराला मी कधी ओळखलं नव्हतं. हा माणूस मी ओळखत होतो. नोकरीत असताना ग्रंथपालांच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की मी फाइल घेऊन परत जागेवर येत असे. ते रिकामे असतील तेव्हा जाऊ, असं म्हणत म्हणत माझ्या बढतीचा अर्ज त्या फाइलीत तीन वर्षं राहिला. तिसऱ्या घराला कुत्रं होतं, हे ऐकताना मला त्या कुत्र्याचा रंगसुद्धा दिसला.

मी खाकरलो. एवढ्या लोकांत पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दानम्मा कशा आहेत?"

"दानव्वा? लई वर्सांनी औंदा तिकडं गेलो, दिवाळीनंतर जेवून आलोय तिच्या घरी. कानानं ऐकू येत न्हाई, पण जीभ हाय. मला म्हणाली, ज्ञानू, त्या अंगाला कुणी हाईत काय रे? म्हटलं, हाईत की, कबनूरला हाईत, कोल्हापुरात हाईत. म्हणाली, मग माझ्या लेकाच्या पत्राला उत्तर का न्हाई? म्हटलं, अव्वा, ती त्या घराची रीतच हाय."

या वेळी जिन्यावर कुणी हसलं नाही.

ज्ञानूने लाल फडकं सोडलं आणि वही उघडली. बसवेशच्या मुलांची नावं त्यात होती, आमच्या बाजूच्या नोंदी वडिलांपाशी थांबलेल्या. वडिलांच्या नावापुढे एक ओळ होती: 'कोल्हापुरास आला, छापखान्यात लागला.' प्रत्येक माणसाला एकच ओळ. मी पुण्यातल्या मुलाचं नाव सांगितलं, नातीचं, प्रेरणाचं, सांगितलं. मग त्याने माझं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"तुमच्याफुडं काय लिव्हू?"

माझ्या डोळ्यांपुढे चौतीस वर्षांची नोकरी, एक छापून आलेलं पत्र आणि अप्रकाशित फाइल आली. फाइल एव्हाना ऐंशी पानांची झाली होती. यातलं काय एका ओळीत बसेल ते मी मोजायला लागलो. दाराआडून दानेश्वरी म्हणाली, "लिव्हा, पत्राचं उत्तर दिलं."

ज्ञानूने माझ्याकडे पाहिलं. "दिलंय?"

"देणार हाईत."

"मग दिल्यावर लिव्हतो," तो म्हणाला. "जागा सोडतो." आणि त्याने खरोखरच माझ्या नावापुढे एक ओळ कोरी सोडून वही मिटली. दानेश्वरीने त्याला घागर, धोतरजोडी आणि पायलीभर ज्वारी दिली. जेवून तो घंटा वाजवत जिना उतरला, कारण लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता.

पाव्हणे पांगल्यावर मला सल्ले सुरू झाले. धैर्यशीलराव म्हणाले, "अक्षताचं गाळा. लग्नाला निघाला आणि वाटेत शत्रूनं अडवला, असं घाला. तीन ओळीत बसतंय." बसवेश म्हणाला, फोनच करू. मोहसीन म्हणाला, "काका, ऐंशी पानं स्कॅन करून एका मिनटात पाठवतो, नंबर आणा." पण पत्रात नंबर नव्हता. आणि दानम्मांना ऐकू येत नव्हतं. कार्ड मात्र कुणी हातात दिलं तर धरता येतं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून एक साधं कार्ड आणलं. ऐंशी पानं लिहिताना जेवढा वेळ लागला नव्हता तेवढा त्या कार्डाला लागला, असं वाटतं. दोनदा खोडलं, तिसरं कार्ड आणलं. त्यावर शेवटी हे राहिलं:

'गुरुलिंगप्पा आमचे पणजोबा. तिन्ही सांगावे आणि आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. चूक आमची. जत्रेला येतो. पान वाढावं.'

दानेश्वरीने ते वाचलं. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने यात एकही संदर्भ नव्हता. ती म्हणाली, "चला. मी येती संगं. न्हाईतर ते परत आणून डबीखाली ठेवशीला."

आम्ही पेटीपर्यंत चालत गेलो. राजारामपुरीत आता पेटी कुठे आहे हे तीन जणांना विचारावं लागलं. म्हणजे, तिने विचारलं. कोचिंग क्लासची पोरं गाड्या लावून पेटीला टेकून उभी होती. त्यांना बाजूला व्हा म्हणावं की ती आपोआप जातील, असा मी विचार करत होतो, तेवढ्यात दानेश्वरी म्हणाली, "सरका रं पोरांनो, मामांना पत्र टाकायचंय," आणि ती सरकली. मी कार्ड फटीत घातलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. एक शंका आली, 'चूक आमची' च्या जागी 'क्षमा असावी' बरं दिसलं असतं का? पोरं बघत होती. मी बोट सोडलं. आत कार्ड पडल्याचा आवाज आला. पेटी बहुधा रिकामी असावी, कारण आवाज चांगलाच मोठा आला.

दहा पावलं आलो असू. मी थांबलो.

"काय झालं?"

"कार्डावर माझं नाव लिहायचं राहिलं. आपला पत्तासुद्धा."

दानेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. पेटीवरच्या पाटीप्रमाणे ती दुपारी साडेतीनला उघडणार होती. आता साडेअकरा झाले होते. तिथेच उभं राहून पोस्टमन आला की त्याला सगळं समजावून कार्ड परत मागून घ्यावं, असं माझ्या मनात आलं, आणि त्याला नेमकं काय म्हणायचं याची वाक्यं मी जुळवायला लागलो. कोण येतो आहे, किती जण, कुठून, काहीच न कळवता मी एका नव्वदीपलीकडच्या बाईला 'येतो' म्हणून सांगितलं होतं. आता गेल्याशिवाय त्या कार्डाखाली नाव पडायचं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे तिथंच," दानेश्वरी म्हणाली. "जत्रा तीन आठवड्यांवर आलीया. स्टँडवर जाऊन गोकाकची गाडी किती वाजता सुटती ते इचारून येऊया."

"चालेल," मी म्हणालो. "पण खिडकीत तू विचार."